क्षेपणास्त्र एका जहाजावर, वळसा शेकडो जहाजांना

समुद्रावरचं प्रत्येक मोठं व्यापारी जहाज रेडिओवरून सतत आपली माहिती सांगत असतं: नाव, जागा, वेग, दिशा आणि पुढचं बंदर. या यंत्रणेला एआयएस म्हणतात. अंधारात किंवा धुक्यात दोन जहाजांची टक्कर होऊ नये, हा तिचा मूळ उद्देश. पुढच्या बंदराचं नाव लिहायच्या रकान्यात जेमतेम वीस अक्षरं मावतात. २०२४च्या सुरुवातीला लाल समुद्रातून जाणाऱ्या अनेक जहाजांच्या या रकान्यात बंदराचं नाव नव्हतंच. तिथे लिहिलेलं असायचं, ‘सगळे खलाशी चिनी’, ‘इस्रायलशी संबंध नाही’, ‘सशस्त्र रक्षक आहेत’. येमेनच्या किनाऱ्यावरून जो कुणी नेम धरून बसला असेल त्याने ही अक्षरं वाचावीत आणि आपल्याला जाऊ द्यावं, एवढ्या आशेवर ती जहाजं पुढे सरकत होती.

ती निदान गेली तरी. बहुतेकांनी तो रस्ताच सोडला. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधले हूथी बंडखोर, जे गाझातल्या युद्धात इस्रायलच्या विरोधात उभे होते, हेलिकॉप्टरमधून ‘गॅलेक्सी लीडर’ या मोटारी वाहून नेणाऱ्या जहाजावर उतरले आणि त्यांनी ते ताब्यात घेतलं. त्यानंतर महिन्याभरात मर्स्क, एमएससी, हापाग-लॉइड, सीएमए सीजीएम या जगातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर कंपन्यांनी लाल समुद्रातल्या फेऱ्या थांबवायला सुरुवात केली. त्याआधी लाल समुद्राच्या उत्तर टोकाला असलेल्या सुएझ कालव्यातून दिवसाला सरासरी सत्तरच्या आसपास जहाजं जात. ही वाहतूक पुढे निम्म्याहून खाली आली. आता दुसरी बाजू बघा. पहिल्या सव्वा वर्षात जहाजांवर शंभराहून अधिक हल्ले झाले, त्यात बुडाली दोन: ‘रुबीमार’ आणि ‘ट्युटर’. त्या मार्गावरून होणाऱ्या हजारो फेऱ्यांच्या मानाने हा आकडा लहान आहे. मग जगाचा एवढा मोठा व्यापारी रस्ता जवळजवळ ओस का पडला?

लोकांना वाटतं, युद्ध म्हणजे जहाजं बुडतात आणि म्हणून माल येत नाही. प्रत्यक्षात त्या आधीच बरंच काही घडून गेलेलं असतं. विमा उतरवणारा हप्ता वाढवतो, कप्तान नकार देतो, कर्ज देणारी बँक प्रश्न विचारते, वेळापत्रक आखणारा नकाशावर दुसरी रेघ ओढतो. उद्या काय होईल हे सांगता येईनासं झालं की जहाज वळतं. क्षेपणास्त्र लागलंच पाहिजे असं काही नाही.

अरुंद जागांचा प्रश्न

जगातल्या व्यापारातला ८० टक्क्यांहून अधिक माल, वजनाच्या हिशोबाने, समुद्रातून जातो. समुद्र अफाट असला तरी जहाजांचे रस्ते थोडेच आहेत, आणि ते काही चिंचोळ्या सामुद्रधुन्यांमधून जातात. लाल समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेली बाब-अल-मंदेब सुमारे ३० किलोमीटर रुंद आहे. इराण आणि ओमानच्या मधली होर्मुझ सगळ्यात अरुंद जागी ३३ किलोमीटरच्या आसपास, पण त्यातही ये-जा करायच्या मार्गिका प्रत्येकी दोन सागरी मैलांच्या. काळ्या समुद्राचं दार असलेली बोस्फोरस तर काही ठिकाणी एक किलोमीटरसुद्धा रुंद नाही.

अशा जागेतून जाणारं मोठं कंटेनर जहाज चारशे मीटरपर्यंत लांब असतं. वेग तासाला तीस-पस्तीस किलोमीटर. ते झटकन वळू शकत नाही, लपू शकत नाही. किनाऱ्यावरून सोडलेला स्वस्त ड्रोन त्याच्यापर्यंत आरामात पोचतो, आणि तो पाडायला युद्धनौका जे क्षेपणास्त्र सोडते त्याची किंमत ड्रोनच्या अनेक पट असते. अमेरिकेने डिसेंबर २०२३मध्ये आणि युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२४मध्ये तिथे नौदल मोहिमा सुरू केल्या, त्यांनी बरेच हल्ले परतवलेही. तरी जहाज कंपन्या परतल्या नाहीत. दहातले नऊ ड्रोन पाडले जातील, या आश्वासनावर पंचवीस माणसांना कुणी त्या पाण्यात पाठवणार नाही.

दोन सामुद्रधुन्यांमधला एक फरक मात्र नीट लक्षात ठेवायला हवा. बाब-अल-मंदेब टाळता येते. आफ्रिकेला वळसा घातला की झालं, रस्ता लांबतो इतकंच. होर्मुझला वळसा नाही. तिच्या आत असलेल्या बंदरांतून बाहेर पडायला समुद्रातून दुसरी वाट नाही. २०२४मध्ये तिथून दिवसाला सुमारे दोन कोटी पिंप तेल जात होतं, म्हणजे जगाच्या वापराच्या जवळजवळ एक पंचमांश. सौदी अरेबियाची लाल समुद्रावरच्या यानबूपर्यंत जाणारी आणि संयुक्त अरब अमिरातीची फुजैरापर्यंत जाणारी, अशा दोन मोठ्या तेलवाहिन्या सामुद्रधुनीला बगल देतात, पण त्यांतून एवढं सगळं तेल मावत नाही. कतारच्या द्रवरूप वायूला तर तेवढीही सोय नाही. म्हणून एका ठिकाणच्या संघर्षाने माल उशिरा येतो आणि दुसऱ्या ठिकाणच्या संघर्षाने माल येतच नाही.

विम्याच्या कागदावर काय घडतं

या सगळ्या साखळीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा आणि बातम्यांत सगळ्यात कमी दिसणारा दुवा म्हणजे विमा.

जहाजाचा नेहमीचा विमा वादळ, आग, टक्कर यांसाठी असतो. युद्धाचं नुकसान त्यातून वगळलेलं असतं. त्यासाठी युद्धजोखमीचा वेगळा विमा घ्यावा लागतो. हा विमा वर्षभरासाठी बऱ्यापैकी स्वस्तात मिळतो, पण धोकादायक ठरवलेले भाग सोडून. कोणते भाग धोकादायक, याची यादी लंडनच्या विमा बाजारातली ‘जॉइंट वॉर कमिटी’ काढते. डिसेंबर २०२३मध्ये या समितीने लाल समुद्रातला धोक्याचा पट्टा आणखी वाढवला. यादीतल्या पाण्यात शिरायचं असेल तर आधी कळवायचं आणि त्या एका फेरीसाठी जादा हप्ता भरायचा. हे संरक्षण साधारण सात दिवसांचं असतं. दिलेला दर एक-दोन दिवसच टिकतो, कारण मध्ये एखादा हल्ला झाला तर विमेकऱ्याला तो बदलायचा असतो.

आता हिशोब करू. समजा जहाजाची किंमत १० कोटी डॉलर. शांततेच्या काळात लाल समुद्राच्या एका फेरीचा युद्धजोखमीचा हप्ता जहाजाच्या किमतीच्या ०.०५ टक्के धरला तर ५० हजार डॉलर. २०२४च्या सुरुवातीला हा दर ०.७ टक्के आणि काही वेळा १ टक्क्यापर्यंत गेला. म्हणजे त्याच जहाजाला त्याच फेरीसाठी ७ ते १० लाख डॉलर. आफ्रिकेला वळसा घातला तर काय? दिवसाला शंभर टन इंधन, टनाला सहाशे डॉलर, जादा नऊ-दहा दिवस, असं धरलं तर जादा इंधन सहा लाखांच्या घरात. शिवाय सुएझ कालव्याचं शुल्क वाचतं, आणि मोठ्या जहाजाचं ते शुल्कच काही लाख डॉलर असतं. हे आकडे जहाजागणिक बदलतात, पण निर्णय कुठे झुकतो ते यावरून कळतं. एवढा हप्ता भरून, खलाशांचा जीव टांगणीला लावून वाचणार काय? दहा दिवस.

हप्ता परवडत नाही म्हणून विमा न घेता जाता येत नाही. बहुतेक जहाजांवर बँकेचं कर्ज असतं आणि विमा ही कर्जाची अट असते. बंदरंही विम्याशिवाय जहाज आत घ्यायला तयार नसतात, कारण तेल सांडलं किंवा धक्का मोडला तर भरपाई कोण देणार? म्हणून विमा बाजाराने हात वर केले की कुठलाही देश औपचारिक नाकेबंदी जाहीर न करता नाकेबंदी झालेली असते. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनच्या बंदरांचं काही प्रमाणात हेच झालं.

मालाचा विमा ही आणखी वेगळी गोष्ट. निर्यातदाराने किंवा आयातदाराने मालावर युद्धजोखमीचं कलम घेतलं असलं तरी ते साधारणपणे माल जहाजावर असेपर्यंतच लागू असतं. गोदामात पडलेल्या मालावर बॉम्ब पडला तर ते कामाचं नाही. आणि उशीर? उशिरामुळे झालेलं नुकसान मालाच्या नेहमीच्या विम्यात वगळलेलं असतं. माल शाबूत पोचला पण हंगाम निघून गेला, भाव पडला, गिऱ्हाइकाने घ्यायला नकार दिला, तर तो भुर्दंड ज्याचा त्याने सोसायचा. छोट्या व्यापाऱ्यांना हे कलम बहुतेक वेळा नुकसान झाल्यावरच कळतं. ते आधी वाचायला हवं.

जहाजाला प्रत्यक्ष हल्ल्यात मार बसला तर आणखी एक जुना नियम पुढे येतो, त्याला ‘जनरल ॲव्हरेज’ म्हणतात. जहाज आणि माल वाचवण्यासाठी जो असाधारण खर्च झाला तो जहाजमालक आणि जहाजावरचे सगळे मालधनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात. तुमच्या कंटेनरला ओरखडाही आला नसला तरी तुमचा वाटा द्यायची हमी दिल्याशिवाय तो सोडला जात नाही. विमा असेल तर विमा कंपनी ही हमी देते. नसेल तर रोख अनामत.

जहाजावरची माणसं

‘गॅलेक्सी लीडर’चीच गोष्ट घ्या. झेंडा बहामाचा. चालवणारी कंपनी जपानी. मालकी एका ब्रिटिश कंपनीकडे, आणि त्या कंपनीचा संबंध एका इस्रायली उद्योजकाशी. हल्ल्याचं कारण काय ते या शेवटच्या दुव्यात होतं. पण पकडले गेले ते कोण? फिलिपिन्स, बल्गेरिया, युक्रेन, रोमानिया आणि मेक्सिको या देशांचे मिळून पंचवीस खलाशी. गाझातल्या संघर्षाशी त्यांचा कसलाही संबंध नव्हता. ते जानेवारी २०२५मध्ये सुटले, म्हणजे जवळजवळ चौदा महिन्यांनी.

६ मार्च २०२४ रोजी ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं आणि तीन खलाशी ठार झाले. हूथींच्या या हल्ल्यांतले हे पहिले बळी. जहाज अमेरिकी असल्याचा हूथींचा दावा होता. मालकांनी तो नाकारला. जहाजांची मालकी विकली जाते, कागदावरचं नाव बदलतं, पण हल्लेखोराच्या हाती जुनी माहिती असते. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. वाचलेल्यांना भारतीय नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने उचलून जिबूतीला पोचवलं.

खलाशांच्या आंतरराष्ट्रीय संघटना आणि जहाजमालकांच्या करारात युद्धक्षेत्राची व्याख्या केलेली असते. तशा भागात जाणाऱ्याला मूळ पगार दुप्पट मिळतो, मृत्यू आल्यास भरपाई दुप्पट, आणि नको असेल तर कंपनीच्या खर्चाने घरी परतायचा हक्क. कागदावर हे चांगलं आहे. पण काही महिन्यांच्या कंत्राटावर काम करणाऱ्या माणसाला, नाही म्हटलं तर पुढचं कंत्राट मिळेल का, हा प्रश्न पडतोच. शिवाय जगातली सगळी जहाजं या कराराखाली येत नाहीत. ज्या मालकांना कायद्याची फारशी पर्वा नसते, तेच धोक्याच्या पाण्यातून जायला आधी तयार होतात, हे मला यातलं सगळ्यात क्लेशदायक वास्तव वाटतं.

जायचंच ठरलं तर जहाजाची तयारी पाहण्यासारखी असते. डेकवरचे दिवे विझवले जातात. कठड्यांना काटेरी तारा, पाण्याचे फवारे सज्ज. इंजिनखोलीच्या जवळ एक बंदिस्त खोली तयार ठेवतात, तिला सिटाडेल म्हणतात. कुणी जहाजावर चढलं तर सगळ्यांनी आत जाऊन दार लावून घ्यायचं आणि मदतीची वाट बघायची. हा उपाय सोमालियाच्या चाच्यांपासून बचावासाठी आला. क्षेपणास्त्रापुढे तो निरुपयोगी आहे, कारण जहाजावर क्षेपणास्त्र अनेकदा इंजिनखोलीच्याच बाजूला येऊन आदळतं. एआयएस बंद करायचा की नाही, हाही पेच असतो. बंद केला तर शत्रूला दिसत नाही, पण शेजारून जाणाऱ्या जहाजालाही दिसत नाही.

अलीकडे एआयएस चालू असूनही त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. संघर्षाच्या भागात उपग्रहाचे संदेश मुद्दाम बिघडवले जातात आणि जहाजाचा पडदा त्याला भलतीकडेच दाखवतो, कधी कधी तर जमिनीवर. मे २०२५मध्ये ‘एमएससी अँटोनिया’ हे कंटेनर जहाज जेद्दाहजवळ उथळ पाण्यात रुतलं, त्यामागे अशीच ढवळाढवळ असल्याचं तज्ज्ञांनी सांगितलं. अशा वेळी रडार, होकायंत्र आणि डोळे, हेच कामाला येतात.

वळशाचं गणित

सिंगापूरहून रॉटरडॅमला सुएझमार्गे अंतर सुमारे ८,४०० सागरी मैल. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून ११,८०० च्या आसपास. ताशी १६ सागरी मैल वेगाने जादा ३,४०० मैल कापायला नऊ दिवस लागतात. नऊ दिवस उशीर म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही, असं कुणाला वाटेल. गंमत पुढे आहे.

कंटेनरची वाहतूक ठरलेल्या फेऱ्यांवर चालते. प्रत्येक बंदरात दर आठवड्याला ठरलेल्या वारी एक जहाज यायलाच हवं. समजा आशियातून निघून उत्तर युरोप करून परत यायला एका जहाजाला ७७ दिवस लागतात. दर सात दिवसांनी एक जहाज हवं, म्हणजे त्या मार्गावर ११ जहाजं पाहिजेत. आता जातानाचे नऊ-दहा आणि येतानाचे नऊ-दहा दिवस वाढले, हवामानासाठी थोडी सवड ठेवली, आणि फेरी ९८ दिवसांची झाली. तोच आठवड्याचा क्रम राखायला आता १४ जहाजं लागतील. माल तेवढाच, बंदरं तीच, आणि तरी तीन जहाजं जादा. असं डझनावारी मार्गांवर एकाच वेळी झालं की जगातल्या जहाजांचा मोठा वाटा नुसत्या जादा अंतरात खर्ची पडतो. कुणी एकही जहाज बुडवलेलं नसताना जहाजांची टंचाई होते.

वेग वाढवून वेळ भरून काढता येईल का? थोडा. पण जहाजाचं रोजचं इंधन वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढतं. वेग १० टक्क्यांनी वाढवला तर दिवसाचं इंधन सुमारे एक तृतीयांशाने वाढतं. त्याबरोबर धूरही.

दुसरी टंचाई रिकाम्या कंटेनरांची. युरोपात माल उतरवून रिकामे झालेले खोके परत आशियात यायला हवेत, कारण तिथे कारखाने त्यांची वाट बघत असतात. ते दोन-तीन आठवडे उशिरा आले की माल तयार, जहाज धक्क्याला, आणि भरायला खोकाच नाही. मग जहाजं कळपाने येतात: आधी आठवडाभर एकही नाही, मग चार एकदम. २०२४च्या मे-जूनमध्ये सिंगापूरला हेच झालं, काही जहाजांना धक्का मिळायला आठवडाभर थांबावं लागलं. सिंगापूर लाल समुद्रापासून हजारो किलोमीटर दूर आहे. केपच्या वाटेवर हवामानाचा त्रास निराळाच. जुलै २०२४मध्ये ‘सीएमए सीजीएम बेंजामिन फ्रँकलिन’ या जहाजावरचे ४४ कंटेनर दक्षिण आफ्रिकेजवळच्या खवळलेल्या समुद्रात गेले.

भाड्यात हे सगळं उतरलं. लंडनच्या ड्रुरी या संस्थेच्या निर्देशांकानुसार ४० फुटी कंटेनरचं सरासरी भाडं डिसेंबर २०२३च्या सुरुवातीला १,४०० डॉलरच्या आसपास होतं. जानेवारीअखेर ते ४,००० च्या जवळ गेलं, आणि जुलै २०२४मध्ये ५,९०० च्या वर. चीनमधून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जाणारं जहाज लाल समुद्राच्या आसपासही फिरकत नाही, तरी त्या मार्गाचं भाडंही चढलं, कारण जहाजं आणि कंटेनर तेच, फक्त जास्त पैसे मिळतील तिकडे ते खेचले गेले. आधी पुरवठ्याची ओढ, मग आणखी उशीर होईल या भीतीने लवकर मागणी नोंदवणाऱ्यांची गर्दी, आणि त्या गर्दीने पुन्हा भाडंवाढ. याच वर्षी मोठ्या जहाज कंपन्यांचा नफा वाढला, हेही सांगायला हवं. त्यांनी संकट आणलं नाही, पण जहाजांच्या टंचाईचे पैसे त्यांनाच मिळाले.

कारखान्यांचं काय झालं? बर्लिनजवळच्या टेस्लाच्या कारखान्याने सुटे भाग वेळेवर न आल्यामुळे २९ जानेवारी ते ११ फेब्रुवारी २०२४ या काळात बहुतेक उत्पादन थांबवलं. बेल्जियममधल्या गेंटच्या व्होल्वो कारखान्यात गिअरबॉक्स अडकल्यामुळे काही दिवस काम बंद राहिलं. साठा कमीत कमी ठेवायचा आणि भाग लागतील तेव्हाच मागवायचे, ही पद्धत रस्ता भरवशाचा असेपर्यंत पैसे वाचवते. रस्त्याचा भरवसा गेला की साठा ठेवावा लागतो, त्यासाठी गोदाम आणि खेळतं भांडवल लागतं. मोठ्यांना ते जमतं.

धान्याचं जहाज आणि रेल्वेचे डबे

लाल समुद्रात रस्ता लांबला. काळ्या समुद्रात फेब्रुवारी २०२२मध्ये दारच बंद झालं. युद्धाआधी युक्रेन महिन्याला ५० ते ६० लाख टन धान्य बाहेर पाठवत असे, त्यातलं बहुतेक ओडेसाच्या परिसरातल्या खोल पाण्याच्या बंदरांतून. रशियाचं आक्रमण सुरू झालं, पाण्यात सुरुंग पेरले गेले, आणि शंभराच्या आसपास परदेशी जहाजं सुमारे २,००० खलाशांसह बंदरात अडकली. काही सुरुंग दोर तुटून वाहत तुर्कस्तानच्या किनाऱ्यापर्यंत गेले.

समुद्र बंद तर रेल्वेने पाठवा, असा सल्ला सोपा आहे. एका मध्यम आकाराच्या धान्यवाहू जहाजात ५० हजार टन मावतं. रेल्वेच्या एका डब्यात साधारण सत्तर टन. म्हणजे एका जहाजाला सातशेहून अधिक डबे. त्यात युक्रेनचे रूळ १,५२० मिलिमीटर रुंदीचे आणि पोलंड, हंगेरीसह बहुतेक युरोपचे १,४३५. सीमेवर एक तर डब्याची चाकं बदलायची, नाही तर धान्य उपसून दुसऱ्या डब्यात भरायचं. रूळ, रस्ते आणि डॅन्यूब नदीवरची इझमाईल, रेनी ही छोटी बंदरं यांतून बरंच धान्य गेलं, पण जास्त खर्चात. तो खर्च शेवटी शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावातून कापला गेला.

२२ जुलै २०२२ रोजी इस्तंबूलमध्ये संयुक्त राष्ट्रं आणि तुर्कस्तानच्या मध्यस्थीने, युक्रेनचं धान्य समुद्रमार्गे बाहेर जाऊ द्यायचा करार झाला. १ ऑगस्टला ‘रझोनी’ हे पहिलं जहाज सव्वीस हजार टन मका घेऊन ओडेसाहून लेबनॉनच्या त्रिपोलीकडे निघालं. सगळ्या जगाने ते दूरचित्रवाणीवर पाहिलं. मग लेबनॉनमधल्या खरेदीदाराने माल नाकारला: पाच महिन्यांहून अधिक उशीर झाला होता. तो मका नंतर दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे गेला. वर उशिराच्या विम्याबद्दल जे लिहिलं, त्याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

करार वर्षभर टिकला, जवळपास ३ कोटी ३० लाख टन धान्य बाहेर पडलं, आणि १७ जुलै २०२३ला रशिया त्यातून बाहेर पडला. पुढच्याच महिन्यात युक्रेनने स्वतःचा मार्ग आखला. जहाजं किनाऱ्याला चिकटून रोमानिया आणि बल्गेरियाच्या हद्दीतल्या पाण्यातून जाऊ लागली. दोन्ही देश नाटोचे सदस्य. तिथे हल्ला करणं रशियाला महागात पडेल, हा अंदाज विमेकऱ्यांनाही पटला, आणि करार नसतानाही वाहतूक हळूहळू वाढली.

विमानाने माल पाठवणाऱ्यांनाही सुटका नाही. २०२२मध्ये रशियाने अनेक देशांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून युरोप आणि पूर्व आशियातली बरीच उड्डाणं तासन्तास लांबली. जादा इंधन घ्यायचं म्हणजे माल कमी घ्यायचा.

किंमत कोण मोजतं

जहाज कंपनी जादा खर्च सरचार्ज म्हणून पुढे ढकलते, निर्यातदार तो आयातदारावर, आयातदार गिऱ्हाइकावर. महागड्या यंत्रांच्या कंटेनरमध्ये चार हजार डॉलर जादा भाडं विरून जातं. स्वस्त आणि जड मालाला, म्हणजे धान्य, खत, फरशी अशा गोष्टींना ते झेपत नाही. इजिप्तचं उत्पन्न कालव्यावर: २०२३मध्ये सुमारे १,०२५ कोटी डॉलर, २०२४मध्ये ४०० कोटींच्या आसपास. ज्या युद्धात इजिप्त लढत नव्हता, त्या युद्धाने त्याच्या तिजोरीतले सहाशे कोटी डॉलर नेले. आणि खुद्द येमेन, जिथून क्षेपणास्त्रं सुटत होती, आपला जवळजवळ सगळा गहू बाहेरून आणतो.

‘रुबीमार’ बुडताना तिच्या पोटात एकवीस हजार टनांच्या आसपास खत होतं. हल्ल्यानंतर वाहत जाताना तिच्या फरफटलेल्या नांगराने समुद्रतळाशी असलेल्या इंटरनेटच्या केबल तोडल्या, असं तपासणाऱ्यांचं मत आहे.

रस्ता परत कधी सुरू होतो

युद्धविराम झाला की दुसऱ्या दिवशी जहाजं परततील, ही अपेक्षा दर वेळी केली जाते आणि दर वेळी फसते. १९६७च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ कालवा बंद झाला, युद्ध सहा दिवसांत संपलं, कालवा ५ जून १९७५ला उघडला. कारण दोन्ही सैन्यं दोन काठांवर बसून होती, आणि शेवटी करार झाल्यावरही तळाशी सुरुंग, न फुटलेले बॉम्ब आणि बुडालेल्या बोटी काढायला बराच काळ गेला. ग्रेट बिटर लेक या सरोवरात चौदा जहाजं त्या काळात अडकून पडली होती. दरम्यान तेलाचे व्यापारी आफ्रिकेच्या वळशाला सरावले आणि तो परवडावा म्हणून त्यांनी अवाढव्य टँकर बांधून घेतले. कालवा उघडला तेव्हा त्यातले कित्येक भरलेल्या अवस्थेत त्यात मावतच नव्हते.

लाल समुद्रातही दुधाने तोंड पोळलेले लोक ताक फुंकून पीत राहिले. जानेवारी २०२५मध्ये गाझात युद्धविराम झाला, हल्ले थांबले, तरी मोठ्या कंपन्या वळसाच घालत राहिल्या. त्यांच्यावर टीकाही झाली. मार्चमध्ये युद्धविराम मोडला. आणि जहाजांवर सुमारे सात महिने एकही हल्ला झाला नसताना जुलै २०२५मध्ये एकाच आठवड्यात ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन जहाजं बुडवली गेली, दुसऱ्या जहाजावरचे किमान चौघे मारले गेले. वेळापत्रक आखणाऱ्याला अशा वेळी आजच्या शांततेपेक्षा पुढच्या सहा महिन्यांची खात्री हवी असते. चौदा जहाजांची फेरी पुन्हा अकरावर आणायला आठवडे लागतात, आणि मध्येच परत उलटी फिरवायची वेळ आली तर दोन्हीकडचा खर्च होतो.

परतण्यातही एक अडचण दडलेली आहे. कंपन्या सुएझकडे वळल्या की आधी केपमार्गे निघालेलं जहाज आणि नंतर सुएझमार्गे निघालेलं जहाज युरोपच्या बंदरांत एकाच सुमारास पोचणार. काही आठवडे धक्के भरलेले, बंदरांबाहेर रांगा, ट्रक अपुरे. त्यानंतर जादा झालेली जहाजं एकदम मोकळी होतात आणि भाडं घसरतं. वर्षभराचा करार आज चढ्या भावाने करावा की थांबावं, हे ठरवताना आयातदाराला त्या सामुद्रधुनीतल्या विम्याचा दर दर आठवड्याला बघावा लागतो. नेत्यांच्या हस्तांदोलनाचं छायाचित्र छापून आल्यावर तो दर खाली यायला सहसा काही महिने जातात.